आसल्फ्याचे नऊ डबे

आमच्या लातुरात कुणी मुंबईहून परत आलं की त्याला तीन प्रश्न ठरलेले. समुद्र पाहिला का, कुणी नट दिसला का, आणि काम झालं का. मी समुद्र पाहिला. नटही पाहिला, तो खुर्चीत बसून केळं खात होता. तिसऱ्या प्रश्नाला मी बरेच दिवस ‘कळवतो म्हणालेत’ असं उत्तर देत राहिले. ते खोटं होतं, आणि खोटं बोलून माझं पोट दुखतं. तेव्हा आता सगळं लिहूनच टाकते.

काम म्हणजे नोकरी. अंधेरी पूर्वेच्या एका विद्यापीठात आरोग्य आणि जैववैद्यक विज्ञानाचा विभाग आहे. नाव सांगत नाही, कारण बाकीच्या ठिकाणीही काही वेगळं नसतं. तिथे प्रकल्प सहायकाची एक जागा निघाली होती. एकच. मुदत सहा महिने, ‘पुढे वाढू शकेल’. थेट मुलाखत, मूळ कागदपत्रांसह. वयोमर्यादा पस्तीस.

मला नोव्हेंबरात पस्तीस पूर्ण होणार होती आणि मुलाखत सप्टेंबरात होती. सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करून मी पाच वर्षं वेगवेगळ्या प्रकल्पांवर काम केलं. एक संपला की दुसरा, मधे रिकामे महिने. गेली काही वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे सुट्टी लागली की मी कुणीच नसते. मला प्रयोगशाळेत परत जायचं होतं. ही शेवटची संधी होती, हे मला माहीत होतं आणि आमच्या दादांनाही, म्हणजे माझ्या वडिलांनाही. ते स्टेशनवर सोडायला आले तेव्हा म्हणाले, “आता हे झालं तर झालं.” पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

घाटकोपर, गुरुवार

माझी मावशी आसल्फ्याच्या डोंगरावर राहते. ‘डोंगर’ हा शब्द लातूरच्या माणसाने ऐकला की त्याच्या डोळ्यांपुढे माळ येतो, करवंदाची जाळी येते. इथे डोंगर म्हणजे पायऱ्या. पायरीला लागून दार, दारातून दुसऱ्याचा जिना. खाली मेट्रोचं स्टेशन चकाचक आणि वर चढताना एका माणसाला वाट द्यायला दुसऱ्याने कुणाच्या तरी ओट्यावर पाय ठेवायचा. मी बॅग घेऊन तीनदा थांबले. शेवटच्या वेळी एका बाईने न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, “कुणाकडे?” मावशीचं नाव सांगितल्यावर तिचा चेहरा जरा आंबट झाला. कारण संध्याकाळी कळलं.

मावशी महापालिकेची आरोग्य स्वयंसेविका आहे. लग्न होऊन आली तेव्हा इथे मेट्रो नव्हती, पायऱ्याही नव्हत्या, असं ती सांगते. आता ती बुद्धविहाराच्या महिला मंडळाची खजिनदार आहे आणि अर्ध्या डोंगराच्या गोळ्या-लशींचा हिशेब तिला तोंडपाठ आहे. तिने ज्वारीची भाकरी आणि येसर आमटी केली होती. ज्वारी गावाकडचीच, पण पाण्याने की पिठाच्या गिरणीने कोण जाणे, भाकरी वेगळी लागत होती. मी तसं म्हणाले तर म्हणाली, “खा गप. इथे सगळ्यांनाच सगळं वेगळं लागतं. वर्षभरात सवय होते.”

जेवताना मी विद्यापीठाचं आणि विभागाचं नाव सांगितलं. मावशीचा घास हातातच राहिला.

“अगं, तेच लोक! तेच आले होते इथे रक्त घ्यायला!”

झालं होतं ते असं. या डोंगरावर घरोघर बायका इमिटेशनच्या दागिन्यांना डाग द्यायचं, म्हणजे धातू वितळवून सांधे जोडायचं काम करतात. पितळेच्या बारीक कड्या, त्यावर डागाची तार, हातात गॅसची लहान बत्ती. दहा बाय दहाच्या खोलीत, तिथेच स्वयंपाक, तिथेच पोरांचा अभ्यास. त्या धुराने शरीरात काय होतं हे तपासायला दीड वर्षापूर्वी विद्यापीठातून मुली आल्या होत्या. बायका तयार होईनात. मावशीने दारोदार फिरून त्यांना राजी केलं.

“मीच सांगितलं, घाबरू नका, रिपोर्ट मिळेल, फुकटात कळेल. रक्त नेलं आणि गायब! आता मलाच ऐकवतात. रस्त्यात तोंड फिरवतात बघ.”

तेवढ्यात शेजारच्या पार्वतीकाकी आल्या. मालवणकडच्या, नवरा गिरणीत होता, गिरणी गेली, मग नवरा गेला, त्या राहिल्या. त्यांनी खोबऱ्याच्या रसातली खापरोळी आणली होती, आणि ती माझ्यापुढे ठेवून त्या सरळ मुद्द्यावर आल्या.

“काय गे चेडवा, तूच काय ती? कॉलेजात जातलंस ती?”

मी हो म्हटलं.

“मग इचारून ये. माझा रगात आसा काय टाकल्यानी? दीड वरस झाला, कोण फिराकलो नाय. माझ्या हाताक मुंगये येतत, भांडा धरूक जमणा नाय. वय झाला म्हणून काय त्या धुरान, ता माका कळाक व्हया.”

त्यांनी हात पुढे केले. बोटांच्या टोकांची कातडी काळपट आणि गुळगुळीत झाली होती. मी म्हणाले, “विचारते काकी.” मी अजून तिथली कुणीच नव्हते, पण खापरोळी खाऊन नाही म्हणणं मला जमलं नाही.

अंधेरी, शुक्रवार

घाटकोपरहून अंधेरीला मेट्रोने गेले. गारेगार हवा, मोठमोठ्या काचा, सगळी माणसं मोबाइलमध्ये मान घालून. लातूरला अनोळखी माणसाला कुठलं गाव विचारल्याशिवाय दोन मिनिटं बसवत नाही. इथे मी शेजारच्या मुलीला “पुढचं कुठलं?” एवढंच विचारलं तर तिने कानातली वायर काढून “हां?” केलं, म्हणून पुन्हा विचारलं नाही.

विभाग तिसऱ्या मजल्यावर. लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना दारं, आणि भिंतीला लागून फ्रीजर उभे. प्रयोगशाळेच्या आत जागा नसली की उणे ऐंशीचे फ्रीजर बाहेर कॉरिडॉरमध्ये येतात. हे मी जिथे जिथे काम केलं तिथे तिथे पाहिलंय. त्यांची ती गुरगुर ऐकली आणि मला खरंच माहेरी आल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं खडू हातात धरून मी काय गमावलं होतं ते त्या आवाजाने कळलं.

कारकुनाने हजेरीच्या रजिस्टरात नाव लिहून टोकन दिलं, अकरा नंबर. बाकावर आम्ही पंधरा-सोळा जण, प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल. माझ्या शेजारी बोरिवलीचा एक माणूस होता, पीएचडी झालेला, केस पांढरे व्हायला लागलेले. नऊ नंबर त्याचा.

“मॅडम लांबून आलात?”

“लातूरहून.”

“अरे बापरे.” त्याने आवाज खाली केला. “तुम्हाला कुणी सांगितलं नाही का? ती बघा, निळा ड्रेस. या जागेवर आत्ता तीच आहे. दर सहा महिन्यांनी जागेची जाहिरात येते, दर सहा महिन्यांनी ती स्वतःच्याच खुर्चीसाठी मुलाखत देते. आपण नुसती गर्दी. तरी यायचं. एखाद्या वेळेला लागतो नंबर.”

निळा ड्रेस म्हणजे प्रणाली. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. सात नंबर. ती स्वतःच माझ्याकडे आली, कारण माझ्या अर्जातला जुना प्रकल्प तिने कारकुनाच्या टेबलावर वाचला होता. दोन मिनिटांत आम्ही नमुन्यांवर आलो. मी विचारलं, आसल्फ्याचे कुठे आहेत? तिने कोपऱ्यातल्या फ्रीजरकडे बोट केलं.

“तो माझा खटारा. म्हातारा झालाय यार, कधी बसेल सांगता येत नाही. सगळे नऊ डबे त्यातच. ताई, तू आसल्फ्याहून आलीस? त्या बायका मला शिव्या घालत असतील ना?”

मी उत्तर द्यायच्या आत सात नंबर पुकारला आणि ती आत गेली.

पाच-सात मिनिटं झाली असतील. कोपऱ्यातल्या फ्रीजरचा धोक्याचा भोंगा ओरडायला लागला.

ज्यांनी हे काम केलं आहे त्यांना तो आवाज सांगायला नको. सगळ्या बाकाची मुंडकी एकदम वर झाली. एकूण एक जणाला कळलं होतं काय झालंय. मग सगळ्यांनी आपापल्या टोकनाकडे पाहिलं आणि कुणीही उठलं नाही. शिपाई चहाला गेला होता. कारकून म्हणाला, “वाजतो तो, बंद होईल.”

मी उठून आकडा पाहिला. उणे साठ. बघता बघता एकोणसाठ. भोंग्याखालची गुरगुर थांबली होती, कॉम्प्रेसर बसला होता. दारावर प्रणालीच्या अक्षरात कागद चिकटवलेला: घाटकोपर, आसल्फा, डबे एक ते नऊ.

“मॅडम, बसा,” बोरिवलीवाले म्हणाले. “आपली नाही ती जबाबदारी.”

त्यांचं बरोबर होतं. पण मला काकींची बोटं आठवली, मी काय करणार. किल्ली दोऱ्याने दाराला टांगलेली होती, सगळीकडे असते तशी. कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला, कोपऱ्याच्या पलीकडे, दुसऱ्या विभागाचा एक फ्रीजर धडधडत होता, त्यात खालचा कप्पा रिकामा होता. हातमोजे सापडले नाहीत. ओढणी हाताला गुंडाळली आणि एकेक डबा न्यायला लागले. कॉरिडॉर लांब, डब्यांना बर्फाची साय, ओढणी लगेच ओली होऊन डब्याला चिकटायची. चौथ्या डब्याला डाव्या अंगठ्याची कातडी गेली.

मी सहा डबे ठेवले तेव्हा आठ नंबर गैरहजर म्हणून नऊ आत गेला, आणि प्रणालीला दुसऱ्या दाराने खालच्या ऑफिसात कागद जमा करायला पाठवलं, हे मला नंतर कळलं. दहा नंबर दोन मिनिटांत बाहेर आला. आणि आठवा डबा माझ्या हातात असताना बोरिवलीवाल्यांची हाक आली, मोठ्याने, अख्खा कॉरिडॉर घुमेल अशी, “लातूरच्या मॅडम! अकरा! अकरा पुकारतायत!”

मला ऐकू आलं. हे मी नीट सांगते, कारण दादांना मी ‘ऐकूच आलं नाही’ असं सांगितलंय. मला ऐकू आलं. एक डबा हातात होता, एक मागे राहिला होता. तो राहिलेला डबा तिथे सोडून पळता आलं असतं. मी हातातला ठेवला, परत गेले, नववा आणला, ठेवला, दार लावलं.

मग जुन्या फ्रीजरच्या बाजूला खिळ्याला लॉगबुक टांगलेलं होतं, त्यात लिहिलं. कुठून कुठे हलवले, किती डबे, तापमान, वेळ. खाली सही आणि पूर्ण नाव. यात मी विचार वगैरे काही केला नाही. हात धुतल्यावर नळ बंद करतो तितकंच ते. आमच्या सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, हाताने जे केलं ते वहीत नसेल तर ते झालंच नाही. मीही मुलांना हेच शिकवते.

धावत आले तेव्हा बारा नंबर आत गेला होता. कारकुनाने रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. माझ्या नावापुढे ‘गैरहजर’.

“तीनदा पुकारलं, मॅडम.”

“अहो, मी इथेच होते. तुमचेच नमुने वाचवत होते!”

“ते मला काय माहीत? खाडाखोड चालत नाही यात.”

मी मुलाखती संपेपर्यंत थांबले. समितीच्या बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांना गाठलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, अंगठ्याकडे पाहिलं, “औषध लावा त्याला,” म्हणाल्या. मग म्हणाल्या की एकासाठी नियम मोडला तर बाकीचे तक्रार करतील. त्या वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर मला भांडता तरी आलं असतं.

मढ, त्याच दिवशी

प्रणालीने मला सोडलंच नाही. “ताई, तू अशी जाणार नाहीस. माझ्या घरी चल, जेवून जा.” रिक्षा, मग वर्सोव्याची फेरीबोट. बोटीत मोटरसायकली, कोळणींच्या टोपल्या आणि मी. समुद्र मी असा पाहिला: तपकिरी, वासाचा, तोंडात कडू चव असताना. लोक त्याच्याकडे बघून मोकळे होतात म्हणे. मला काही झालं नाही.

मढच्या गावात शिरताना एका बंगल्यात शूटिंग चालू होतं. हॉलमध्ये प्रयोगशाळा उभी केली होती. काचेच्या चंबूंत निळं, हिरवं, लाल पाणी, आणि कशातून तरी धूर. तोच तो नट पांढरा कोट घालून केळं खात बसला होता. प्रणाली म्हणाली, “बघ, झकास लॅब आहे ना? इथे वीज जात नाही. जनरेटर असतो.” आम्ही दोघी हसलो. त्या दिवसातलं तेवढंच हसू.

तिच्या आईने तांदळाची भाकरी आणि ताजे बोंबील वाढले. मला बोंबील खाता येईनात, काटा की मांस काही कळेना, सगळंच मऊ. आईने माझ्या अंगठ्याला हळद लावली.

जेवताना मी प्रणालीला काकींचा प्रश्न विचारला. ती भाकरी चुरायला लागली.

“तपासलंच नाही, ताई. किट यायच्या होत्या, आल्या नाहीत. दुसरा टप्पा मंजूर झाला की करू, असं दीड वर्ष चाललंय. मी फक्त ते गार ठेवते. दर सहा महिन्यांनी मुलाखत देते ना, ती त्याच्यासाठीच. मी गेले तर त्या डब्यांत काय आहे ते सांगायलाही कुणी नाही.”

मला तिचा राग यायला हवा होता. सकाळपासून मी तिच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसले होते आणि ती त्या नऊ डब्यांपायी तिथे अडकली होती. राग आला नाही. वाईट वाटलं, आणि थोडा हेवाही वाटला, कारण ती सोमवारी परत त्या फ्रीजरांच्या आवाजात जाणार होती.

पुन्हा घाटकोपर, शनिवार

मावशीच्या दारात सात-आठ बायका जमल्या होत्या. मी खोटं बोलले नाही, पण सगळं खरंही सांगितलं नाही. “रक्त आहे. नीट आहे. तपासणी व्हायची आहे अजून,” एवढंच सांगितलं.

एक जण म्हणाली, “दीड वर्षात झाली नाही ती आता काय होणार?” पण पार्वतीकाकींनी माझा अंगठा हातात घेतला.

“तू सोता हात लावलंस त्येका? सोता बघितलंस?”

“हो काकी. स्वतः उचलून ठेवलं.”

“मगे आमी थांबतो,” त्या म्हणाल्या, आणि बाकीच्यांकडे वळून, “आसा गो, रगात आसा!” जाताना ती आंबट चेहऱ्याची बाई मावशीशी चार शब्द बोलली. मावशीने मला चहा दिला तो दुधाचा, भरपूर आल्याचा. नोकरी हातची गेली होती, तरी त्या ओट्यावर बसून मला त्या घटकेपुरतं फार बरं वाटलं. संध्याकाळी पायऱ्या उतरताना मी एकदाही थांबले नाही.

लातूर

दिवाळीनंतर प्रणालीचा फोन आला. तिला मुदतवाढ मिळाली होती. मी अभिनंदन केलं, पण तिचा आवाज बसलेला होता.

“ताई, तू सही कशाला केलीस गं?”

मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. दुसऱ्या टप्प्याआधी बाहेरचे तपासनीस आले होते. त्यांनी लॉगबुक चाळलं. हे नाव कुणाचं? विभागाच्या कर्मचाऱ्यांच्या यादीत तर नाही. हजेरीच्या रजिस्टरात पाहिलं, तर तिथे त्याच दिवशी, त्याच सुमाराला, या नावापुढे गैरहजर. म्हणजे जी बाई आलीच नव्हती तिने नमुने हलवले. प्रणालीने सगळं सांगून पाहिलं. ते म्हणाले, खरं असेलही, पण परक्या माणसाचा हात लागला, आता या नमुन्यांचा भरवसा धरता येणार नाही. नऊच्या नऊ डबे नष्ट करण्यात आले. तिनेच ते निर्जंतुक करायच्या यंत्रात घातले. तिथेही तिला सही करावी लागली.

“तू काही लिहिलं नसतंस ना, तर कुणाला कळलंही नसतं,” ती म्हणाली. मग रडायला लागली. मी तिला “गप गं, गप,” म्हणत राहिले, आणि माझ्या मनात तेच चाललं होतं. एक सही.

मला पस्तीस पूर्ण झाली त्याला तेव्हा आठवडा झाला होता.

मावशीला फोन करायला मला चार दिवस लागले. तिला सांगितलं. ती म्हणाली, “थांब, काकी इथेच आहेत, तूच सांग. मला जमायचं नाही.”

मी सांगितलं. तपासलंच नव्हतं, आता टाकून दिलं, आणि ते माझ्या सहीमुळे. काकींनी सगळं ऐकून घेतलं. मागे कुणाची तरी बत्ती फुसफुसत होती.

“सही केलंस ता बराच केलंस,” त्या म्हणाल्या. “केलेला काम लिवकच व्हया. माझो घोव गिरणीत तसाच करी.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आयकतंस मां? तेंका सांग, परत व्हया झाला तर येवा. रगात काय, अंगात आसा. माझो हात खंय जाता? हयच आसा.”

मी “सांगते काकी” म्हणाले आणि फोन ठेवला. कुणाला सांगायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.